उन्हाळ्याची सुटी आणि मुलांचें वाचन



परीक्षा संपतात, प्रगतिपुस्तक हातीं पडतें, आणि अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड अशा आपल्या उपनगरांतील घराघरांत एक नवीनच काळजी सुरू होते. वर्षभर मुलाला कशालाच वेळ नाहीं अशी तक्रार होती. आतां एवढा वेळ पडला आहे त्याचें करावयाचें काय, ही विवंचना. कांहीं भाग्यवान मुलें कोंकणांत किंवा देशावर आजोळीं जातात. पण पुष्कळांचें आजोळ आतां दोनचार स्टेशनांपलीकडेच असतें. सकाळ पोहण्याच्या वर्गांत जाते, संध्याकाळ क्रिकेटांत जाते. मधली जी दुपार उरते, उन्हामुळें बाहेर पडवत नाहीं आणि झोंपही येत नाहीं अशी अकरापासून पांचपर्यंतची लांबलचक दुपार, ती बहुधा मोबाइलच्या पडद्याच्या स्वाधीन होते. मग एखाद्या दिवशीं आई किंवा वडील वैतागून म्हणतात, "तें ठेव खालीं, आणि एखादें पुस्तक घेऊन बैस!"

हें वाक्य मींही अनेकदां उच्चारलें आहे, आणि त्याचा उपयोग झाल्याचें मला एकदांही आठवत नाहीं. त्याचें कारण उघड आहे. एक आवडती वस्तु हिरावून घेतांना तिच्या बदल्यांत आपण पुस्तक पुढें करतों. तेव्हां मुलाच्या मनांत पुस्तकाची नोंद शिक्षेच्या सदरांत होते. शिक्षा म्हणून हातीं आलेली वस्तु कोणाला प्रिय व्हावी? सुटींत मुलांना वाचनाची गोडी कशी लागेल, ती न लागल्यास नुकसान कोणतें, आणि त्या कामीं वडील माणसांनीं काय करावें व काय करूं नये, एवढ्याच प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

गेल्या वर्षींची गोष्ट सांगतों. आमच्याच इमारतींत, सहावींतून सातवींत गेलेला एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांनीं मोठ्या उत्साहानें दहा उत्तम पुस्तकांची यादी केली, पुस्तकें विकत आणलीं, आणि एक वही देऊन प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहावयास सांगितलें. मुलगा आज्ञाधारक. जूनच्या पहिल्या आठवड्यांत दहाही सारांश सुवाच्य अक्षरांत तयार होते. मीं ती वही चाळली आणि सहज विचारलें, "यांतलें तुला सर्वांत आवडलें तें कोणतें?" तो क्षणभर गोंधळला आणि अगदीं निरागसपणें म्हणाला, "काका, तीं आवडायला पण हवीं होतीं का?"

पुढें बोलतां बोलतां कळलें कीं मलपृष्ठावरील मजकूर, पहिलें प्रकरण आणि शेवटचीं चार पानें एवढ्या सामग्रीवर त्यानें निदान सहा पुस्तकें निकालांत काढलीं होतीं. मला त्याचा राग आला नाहीं. त्याला काम सोंपविलें होतें आणि कमींत कमी श्रमांत त्यानें तें उरकलें. कोणताही शहाणा माणूस तेंच करील. वडिलांच्या हेतूविषयींही शंका घेण्यास जागा नाहीं. चूक झाली ती एकच. शाळेनें दिलेली सुटी संपूर्णपणें मुलाची असते, आणि त्या सुटींत त्यांनीं आणखी एक लहानशी शाळा उघडली. या मुलाकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

वाचनाची गोडी लागते म्हणजे नेमकें काय होतें, हें प्रथम पाहूं. नवशिक्या वाचकाचें सारें लक्ष अक्षरें ओळखण्यांत खर्च होत असतें. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर यांची उकल करीत तो वाक्याच्या अखेरीस पोहोंचतो, तोंवर वाक्याचा आरंभ त्याच्या ध्यानांतून निसटलेला असतो. गोष्ट नीट कळत नाहीं, म्हणून गंमत वाटत नाहीं. गंमत वाटत नाहीं, म्हणून तो वाचीत नाहीं. आणि वाचीत नाहीं, म्हणून अक्षरांवरची नजर कधीं सराईत होत नाहीं. सायकल शिकणाऱ्याची अशीच स्थिति असते. वेग येईपर्यंत तोल सांभाळण्यांतच सारी शक्ति जाते. एकदां वेग आला म्हणजे तोल आपोआप राहतो आणि भोंवतालचा रस्ता दिसूं लागतो. वाचनांतही असा एक टप्पा आहे. तो ओलांडल्यावर अक्षरें जणूं दिसेनाशीं होतात, आणि त्यांच्या पलीकडचा माणूस, घर, जंगल, समुद्र दिसूं लागतो.

कीथ स्टॅनोविच या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानें १९८६ सालीं या गोष्टीकडे शिक्षकांचें लक्ष वेधलें. ज्याला वाचन सुलभ वाटतें तो अधिक वाचतो, अधिक वाचल्यानें त्याचा शब्दसंग्रह वाढतो, आणि वाढलेल्या शब्दसंग्रहामुळें पुढचें पुस्तक अधिकच सुलभ होतें. ज्याला जड जातें तो टाळतो, आणि टाळल्यामुळें दरवर्षीं अधिकच मागें पडतो. दोघांमधील अंतर असें चक्रवाढ व्याजानें वाढत जातें. पहिलींत बोटभर असलेलें अंतर सातवीं-आठवींपर्यंत हातभर होतें. पुढें तें भरून निघतच नाहीं असें नाहीं. पण फार कष्ट पडतात, आणि ते कष्ट करण्याची हौस तोंवर उरलेली नसते.

आतां सुटीचें महत्त्व ध्यानांत येईल. शाळा चालू असतां मूल वाचतें तें धडे. धडा असतो चारपांच पानांचा, आणि तो वाचावयाचा असतो त्याखालच्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठीं. चार पानांत वेग येत नाहीं. वेग येण्यास दीडशें-दोनशें पानांची सलग गोष्ट लागते. तिच्यांतलीं माणसें ओळखीचीं व्हावीं लागतात. पुढें काय झालें ही हुरहूर घेऊन रात्रीं अंथरुणावर पडावें लागतें. हें सारें घडण्याजोगी मोकळीक मुलाला वर्षांत एकदांच, मे महिन्यांत मिळते. पहिलीपासून दहावीपर्यंत अशा नऊच सुट्या येतात. त्यांतल्या पहिल्या दोनतीन अक्षरओळखींत आणि शेवटची एक परीक्षेच्या छायेंत जाते. उरतात पांचसहा. वाचक घडावयाचा तो बहुतांशीं या पांचसहा उन्हाळ्यांत.

दीर्घ सुटींत मुलांचें वाचन मागें पडतें, असें अमेरिकेंतील संशोधक बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. तें किती मागें पडतें याविषयीं त्यांच्यांत अजून वाद आहे, म्हणून त्या आंकड्यांत मी शिरत नाहीं. परंतु तेथील फ्लॉरिडा राज्यांत झालेला एक प्रयोग मननीय आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गरीब वस्तींतील शाळांमधून कांहीं मुलें निवडलीं आणि ओळीनें तीन उन्हाळे त्यांना दर सुटीच्या आरंभीं बारा बारा पुस्तकें दिलीं. ना वर्ग, ना शिक्षक, ना सारांशाची वही. पुस्तकें मात्र मुलांनीं स्वतःच्या पसंतीनें उचललेलीं होतीं. त्यांत गाणाऱ्या व पडद्यावर चमकणाऱ्या मंडळींविषयींचीं पुस्तकेंच मुलांना विशेष आवडलीं. आपल्यापैकीं किती पालकांनीं तीं घरांत येऊं दिलीं असतीं? तीन वर्षांनंतर, पुस्तकें न मिळालेल्या मुलांपेक्षां या मुलांची वाचनांतील प्रगति स्पष्टपणें अधिक आढळली. सुटींतील खास वर्गांना बसविल्यानें जेवढा लाभ होतो, त्याच्या तोडीचा हा लाभ होता. हे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले.

यावरून पहिली गोष्ट निघते ती निवडीची. दानियेल पेनाक या फ्रेंच लेखकानें, तो स्वतः शिक्षकही होता, १९९२ सालीं वाचनाविषयीं एक छोटेखानी पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. पहिलाच हक्क न वाचण्याचा! पुढें पानें गाळण्याचा, पुस्तक अर्धवट टाकण्याचा, तेंच पुस्तक पुन्हां पुन्हां वाचण्याचा, वाटेल तें वाचण्याचा, आणि शेवटचा हक्क, वाचल्यावर त्याविषयीं कोणाशींही कांहीं न बोलण्याचा. आपण मोठीं माणसें हे सारे हक्क रोज बजावीत असतों. कंटाळवाणी कादंबरी आपण चाळिसाव्या पानावर मिटतों, वर्णनें गाळून संवादावर उडी मारतों, आणि शेवट अगोदर पाहून घेण्याचा मोह तर कित्येकांना आवरत नाहीं. मुलानें मात्र हातीं घेतलेलें पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेंच पाहिजे, आणि शिवाय त्याचें तात्पर्यही सांगितलें पाहिजे, असा आपला आग्रह असतो. हा न्याय कोणता?

"म्हणजे मुलानें कांहींही वाचावें कीं काय?" असा प्रश्न येथें कोणी सुज्ञ माता विचारील, आणि तो रास्त आहे. माझें उत्तर असें कीं फळी आपण निवडावी, पुस्तक मुलानें निवडावें. घरांत काय आणावयाचें आणि काय नाहीं हें ठरविण्याचा वडिलांचा अधिकार मला मान्य आहे. पण फळीवर वीस पुस्तकें असतील, तर त्यांतलें कोणतें उचलावयाचें, आणि कोणतें तिसऱ्या पानावर खालीं ठेवावयाचें, हें मुलावर सोडावें. शिवाय फळी लावतांना आपली प्रतिष्ठा थोडी बाजूला ठेवावी. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड यांचीं साहसें गादीखालीं लपवून वाचणाऱ्या मुलांची एक पिढी या मुंबईंतच वाढली. आणि पुढें गंभीर ग्रंथांकडे वळलेल्या अनेक वाचकांनीं आपल्या वाचनाचा श्रीगणेशा त्या रहस्यकथांवर झाल्याचें मोकळेपणें सांगितलें आहे. तेथें त्यांना वेग मिळाला होता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें असा एक नियम आहे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा दुसरा. त्याचें पुस्तक, म्हणजे त्याच्या वडिलांचें लाडकें पुस्तक असेंच कांहीं नव्हे.

दुसरी गोष्ट श्रवणाची. आणि आपल्या उपनगरांतील मराठी घरांच्या दृष्टीनें मी तिला सर्वांत अधिक महत्त्व देतों. आज आपलीं पुष्कळ मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. २०२० सालच्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठीचें अध्यापन सक्तीचें झालें आहे, त्यामुळें देवनागरी अक्षरें या मुलांना येतात. घरीं तीं अस्खलित मराठी बोलतात, आजीशीं भांडतात तींही मराठींतच. तरीसुद्धां त्यांच्या हातीं मराठी गोष्टीचें पुस्तक दिलें तर पांच मिनिटांत तें खालीं ठेवून, "हें फार अवघड आहे," असें म्हणतात. वस्तुतः अवघड असें त्यांत कांहींच नसतें. शब्द त्यांच्या कानाला ठाऊक असतात; डोळ्याला तेवढा सराव नसतो. अशा मुलाला पुस्तक देऊन एकट्यानें बसविण्याऐवजीं तें त्याला वाचून दाखवावें. जो शब्द कानांनीं वारंवार भेटला आहे, तो कागदावर दिसतांच डोळा त्याला चटकन ओळखतो.

वाचून दाखविण्याची चाल आपल्याकडे नवीन नाहीं. घरोघर पोथ्या लागत, चातुर्मासांत एकजण वाची आणि दहाजण ऐकत. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिलें. त्यांतील भागांना त्यांनीं प्रकरण हें नांव न देतां 'रात्र' असें नांव दिलें आहे. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्रीं एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. तें पुस्तक एका बैठकींत संपविण्यासाठीं नाहींच. रोज निजण्यापूर्वीं एक रात्र वाचावी, अशीच त्याची ठेवण आहे. मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आरंभ केला, तर जूनच्या मध्यास शाळा उघडण्याच्या सुमारास तें पुरें होतें. हसरें पुस्तक हवें असेल तर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आहेत. 'चिमणरावाचें चऱ्हाट' १९३३ सालचें असलें तरी त्यांतील फजितीला अजून जुनेपणा आलेला नाहीं. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालीं पुस्तकरूपानें आली, आणि पुढें त्यांनीं ती रंगमंचावर एकट्यानें सादर केली. तेव्हां ती मोठ्यानें वाचण्यासाठीं किती सोयीची आहे, हें निराळें सांगावयास नको. जोगेश्वरी आणि पार्लें येथें ज्यांचें बालपण गेलें अशा या लेखकाचीं माणसें उपनगरांतल्या मुलांना परकीं वाटण्याचें कारणच नाहीं. वाचतांना एक पथ्य मात्र पाळावें. गोष्ट ऐन रंगांत आली असतां थांबावें, आणि पुस्तक मुलाच्या हाताशीं उघडें ठेवून आपण चहा करावयास उठून जावें.

स्वतः वाचूं लागलेल्या मुलासाठीं आपल्या भाषेंत सामग्री कमी नाहीं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेंत आलेला आणि जेथें तेथें संकटांत उडी घेणारा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांचा मानसपुत्र आहे. विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत. त्या तर वाचतां वाचतांच पाठ होतात. नियतकालिकांची परंपराही जुनी. वासुदेव गोविंद आपटे यांनीं मुलांसाठीं 'आनंद' मासिक काढलें तें १९०६ सालीं. आणि पाठ्यपुस्तकें तयार करणाऱ्या 'बालभारती' संस्थेचें 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. 'किशोर'चे जुने अंक संस्थेनें इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. ज्या मोबाइलशीं आपलें भांडण आहे, त्याच्यांतच हा खजिना आहे, हेंही मुलांना एकदां दाखवावें.

कित्येक मुलांना गोष्टींची आवड नसते. त्यांना वस्तूंचें, प्राण्यांचें, यंत्रांचें वेड असतें. अशा मुलाला कादंबरी वाचवत नाहीं म्हणून तो वाचकच नव्हे, असा निर्णय देण्याची घाई करूं नये. सलीम अली यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९०८ च्या सुमारास या दहाबारा वर्षांच्या मुंबईकर मुलानें खेळण्यांतल्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी घरांत कोणी पाहिलेली नव्हती, तेव्हां मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या कार्यालयांत गेला. तेथील चिटणीस मिलार्डसाहेब यांनीं त्याला हांकलून दिलें नाहीं. त्यांनीं पक्षी ओळखला, संस्थेचा पक्ष्यांचा संग्रह कपाटें उघडून दाखविला, आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवर 'एहा' या टोपणनांवाच्या लेखकानें लिहिलेलें पुस्तकही होतें. १९४१ सालीं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे सलीम अली ते हेच. येथें क्रम ध्यानांत घ्यावा. प्रश्न आधीं पडला, पुस्तक मागाहून आलें. आणि तें योग्य वेळीं हातांत ठेवणारा एक वडील माणूस भेटला. आपल्याजवळ तर बोरीवलीचें राष्ट्रीय उद्यान आहे, कान्हेरीचीं लेणीं आहेत. सकाळीं तेथें जाऊन आल्यावर मुलानें पंचवीस प्रश्न विचारले, तर त्यांतील दोनतीन प्रश्नांना, "चल, पुस्तकांत शोधूं," असें उत्तर देण्यास काय हरकत आहे?

परंतु पुस्तकें आणावयाचीं कोठून? सारींच विकत घेणें कोणालाही परवडणार नाहीं, आणि घेऊंही नयेत. कारण विकत घेतलेलें पुस्तक मुलाला आवडलें नाहीं तर आपल्याला पैशाचें वाईट वाटतें, आणि मग आपण आग्रह धरूं लागतों. ग्रंथालयांतून आणलेलें पुस्तक दुसऱ्या दिवशीं परत करतां येतें, आणि चुका करण्याची ही मोकळीक नव्या वाचकाला फार लागते. या बाबतींत आपण उपनगरवासी समजतों तितके दरिद्री नाहीं. मुलुंडच्या पुढचेंच स्टेशन ठाणें. तेथें विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. त्यानंतर पांच वर्षांनीं, १८९८ मध्यें, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. तें आज दादरला आहे. अंधेरीच्या अलीकडे पार्ल्यास १९२३ सालीं स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचें ग्रंथालय आहे, आणि मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार अनुदान मिळणारीं लहानमोठीं ग्रंथालयें तर गांवोगांवीं आणि उपनगरोपनगरीं आहेत. त्यांतील कांहींचा जिना अंधारा असेल, पंखा आवाज करीत असेल. पण मुलाला कपाटापर्यंत जाऊं द्यावें, हात लावूं द्यावा, पुस्तकें काढून पुन्हां ठेवूं द्यावींत, एवढी विनंती ग्रंथपालांना केली तर ती सहसा अमान्य होत नाहीं. घाई नसलेला एक तास मात्र आपल्यापाशीं हवा.

दुसरा उपाय आपल्या स्वतःच्या इमारतींतला आहे. तीस बिऱ्हाडांची इमारत धरली, आणि प्रत्येक घरानें आपल्या मुलानें वाचून मागें टाकलेलीं पांच पुस्तकें दिलीं, तर दीडशें पुस्तकें होतात. सोसायटीच्या कचेरींत एक कपाट, नोंदीसाठीं एक वही, आणि दुपारीं एक तास तें उघडणारीं दोन मुलें, एवढ्यावर सुटीपुरतें ग्रंथालय चालतें. पैसा लागत नाहीं. ग्रंथपाल मुलांनाच करावें. कारण एका मुलानें दुसऱ्याला, "हें घे, भन्नाट आहे," असें म्हटलें, तर त्याचा जो परिणाम होतो तो आपल्या दहा व्याख्यानांनीं होत नाहीं. सुटींत कोणी पांचगणी-महाबळेश्वरास जाणार असतील, तर त्यांनीं वाटेवर भिलार येथें अवश्य उतरावें. स्ट्रॉबेरीसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचें गांव' झालें आहे. तेथें लोकांच्या राहत्या घरांतून पुस्तकें मांडलेलीं आहेत, आणि कोणीही आंत जाऊन वाचीत बसावें अशी मुभा आहे. पुस्तक ही शाळेची किंवा दुकानाची वस्तु नसून घरांतली आहे, हें तेथें मुलांना डोळ्यांनीं दिसतें.

आणि घरांतली, हाच माझा शेवटचा मुद्दा आहे. ज्या घरांत वडील जेवतांना मोबाइल पाहतात आणि आई तो उशाशीं घेऊन निजते, त्या घरांत मुलाला पुस्तक वाच म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाच उरत नाहीं. मी कोणाला दोष देत नाहीं. सकाळची आठची लोकल गांठून रात्रीं आठला परतणाऱ्या माणसाच्या अंगांत काय त्राण उरतें, हें मी जाणतों. म्हणून मागणें लहानच करतों. सुटीच्या दिवसांत रात्रीं जेवणानंतर अर्धा तास घरांतल्या सर्वांनीं आपापलें कांहीं तरी वाचावें. वडिलांनीं वर्तमानपत्राची पुरवणी वाचली तरी चालेल, आजोबांनीं पोथी वाचली तरी चालेल, मुलानें चित्रकथा वाचली तरी चालेल. कोणी कोणाला काय वाचलें म्हणून विचारूं नये. आठवडाभर हें अवघड जाईल, हें आधींच सांगून ठेवतों.

आतां त्या सारांशाच्या वहीवाल्या मुलाकडे येतों. यंदा त्याच्या आजीच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि कांहीं दिवस वाचनाचा ताण नको असें ठरलें. आजींचें एक कपाट आहे. त्यांत आयुष्यभर जमविलेलीं मराठी पुस्तकें आहेत. दुपारीं त्यांना करमेना, तेव्हां त्यांनीं नातवाला हांक मारून चिमणरावांचें पुस्तक काढावयास लावलें आणि वाच म्हणाल्या. तो अडखळत वाचूं लागला. जोडाक्षरापाशीं तो थांबला कीं आजी तो शब्द उच्चारीत, कारण पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होतें. आणि शब्द कानावर पडतांच तो, "हां, हां," म्हणून पुढें जाई. तिसऱ्या दिवशीं गुंड्याभाऊंची फजिती वाचतांना त्याला इतकें हंसूं आलें कीं वाचन थांबवावें लागलें. चौथ्या दिवशीं आजींचा डोळा लागला, आणि तो मात्र वाचीतच राहिला, मनांतल्या मनांत.

तो मोठा वाचक झाला असें मी म्हणत नाहीं. क्रिकेट आणि मोबाइल यांचें राज्य अजून अबाधित आहे. पण परवां जिन्यांत भेटला तेव्हां त्यानें आपण होऊन विचारलें, "काका, तुमच्याकडे याचा पुढचा भाग आहे का?" त्या वेळीं मला आजींच्या कपाटाची आठवण झाली. आपल्या पुष्कळ घरांत असें एखादें कपाट आहे. तें उघडणारा हात घरांत तयार झाला नाहीं, तर एक दिवस तें रद्दीवाल्याच्या तराजूंत जाणार, हें आपण मनांतून जाणतों. तो हात तयार होण्यास पांचसहा उन्हाळ्यांचाच अवधि असतो, आणि त्यांतला एक उन्हाळा आतां चालू आहे.

तेव्हां यंदा शाळा उघडतांना मुलाला, "किती पुस्तकें वाचलींस?" असें कृपा करून विचारूं नका. विचारावयाचेंच असेल तर, "मला वाचायला एखादें देतोस का?" असें विचारा, आणि तो देईल तें खरोखरच वाचा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.